मृग लागला तरी दस्ती सुटेना : चेहरा भाजलेल्या एका आचाऱ्याचं प्रकरण

श्रावण निम्मा सरला होता. बाहेर भुरभुर लागलेली, ओपीडीच्या बाकाखाली छत्र्यांचं पाणी साचलेलं, आणि हा माणूस डोळ्यांखालपासून गळ्यापर्यंत दस्ती गच्च बांधून बसलेला. एप्रिलमध्ये असा माणूस दिसला तर आमच्याकडं कुणी वळूनही बघत नाही. लातूरकडं पारा चाळिशी ओलांडतो तेव्हा दुचाकीवरचा जो तो डाकूच दिसतो. पण पावसात, आणि तेही दवाखान्याच्या आत? शेजारची बाई त्याच्यापासून हातभर सरकून बसली होती. तिनं त्याचा चेहरा अजून बघितलाही नव्हता.

केसपेपरवर दोनच गोष्टी होत्या: डोकेदुखी आणि झोप न येणे. सोबत थोरला भाऊ. तोच बोलत होता. "रात्रभर ओट्यावर बसून राहतो. एखादी गोळी द्या झोपेची, म्हणजे झालं." मन दुखतंय म्हणून आमच्याकडं सहसा कुणी येत नाही. डोकं, छाती, पोट, यांतलं काहीतरी घेऊन माणूस येतो आणि दुसऱ्या-तिसऱ्या खेपेला बोलता होतो.

मी लातूर जिल्ह्यातल्या एका उपजिल्हा रुग्णालयात समुपदेशनाचं काम करते. ओळख पटू नये म्हणून पुढचे तपशील बदलले आहेत, आणि दोन-तीन माणसांचे अनुभव एकात मिसळले आहेत. त्याचं नाव देत नाही. गाव त्याला 'आचारी' म्हणतं, मीही तेच म्हणते. वय 29, शिक्षण दहावीपर्यंत, लग्न झालेलं, साडेतीन वर्षांची एक मुलगी. दोन भावांत मिळून चार एकर कोरडवाहू. तुळशीच्या लग्नापासून जेठापर्यंत लग्नाच्या पंगतींचा स्वयंपाक, आणि उरलेले दिवस सोयाबीन.

भडका

फेब्रुवारीत एका लग्नाची तयारी चालू होती. पहाटे चारला बुंदी पाडायची म्हणून मोठी भट्टी पेटवायची होती. कॉक कुणीतरी आधीच उघडून ठेवला होता, काडेपेटी सापडेना, ती शोधण्यात एक-दोन मिनिटं गेली. स्वयंपाकाचा गॅस हवेपेक्षा जड असतो, वर उडून जात नाही, खाली साचतो. त्यातून भट्टी तीन बाजूंनी पत्र्यानं झाकलेली, वारा लागू नये म्हणून. आचारी वाकला आणि काडी ओढली.

"भप्प असा आवाज झाला. बस. जाळ दिसलाच नाही मला."

अशा भडक्यात माणसाचे डोळे आपोआप मिटतात. त्याचेही मिटले, म्हणून नजर वाचली. चेहऱ्याची उजवी बाजू, उजवा कान, हनुवटी, गळ्याचा थोडा भाग आणि दोन्ही हात भाजले. तिथं जमलेल्यांनी आधी तोंडाला टूथपेस्ट फासली, मग कुणीतरी हळद. वाहत्या साध्या पाण्याखाली 20 मिनिटं धरा, एवढं साधं काम तिथं कुणाला सुचलं नाही, आणि पाण्याचा टँकर वीस पावलांवर उभा होता.

पुढचं सगळं मोठ्या दवाखान्यात झालं. गालावर आणि हनुवटीवर मांडीची कातडी लावली. तीन आठवड्यांनी घरी सोडलं. खर्च बराचसा सरकारी योजनेतून झाला. ठेकेदार पहिले चार दिवस येऊन गेला, मग फोन उचलेना. जून महिन्यात उजव्या डोळ्याची खालची पापणी व्रणाच्या ओढीनं बाहेर वळायला लागली, डोळा पूर्ण मिटेना. तेव्हा बुबुळाला इजा होऊ नये म्हणून दुसरी शस्त्रक्रिया करावी लागली.

शरीराचं काम नीट झालं होतं, त्याबद्दल तक्रार नाही. पण या सगळ्या काळात चेहऱ्याबद्दल त्याच्याशी कुणी एक वाक्य बोललं नव्हतं. वॉर्डात आरसा नव्हता. घरी आईनं तो भिंतीवरून उतरवून धान्याच्या कोठीमागं ठेवला होता. लपवण्यात प्रेमच असतं, पण लपवलं की माणसाला कळतं, आपल्याला काहीतरी भयंकर झालंय. त्यानं स्वतःला पहिल्यांदा बघितलं ते दवाखान्याच्या आवारात, भावाच्या गाडीच्या आरशात. "मागं कोण उभं राहिलंय म्हणून मी वळून बघितलं," तो म्हणाला. हे सांगताना त्याचा आवाज अगदी सपाट होता.

उन्हाळ्यानं दिलेली सोय

पहिल्या दोन भेटींत मला एक कोडं सुटत नव्हतं. भाऊ म्हणत होता, "एप्रिल-मेमध्ये चांगला होता की. बाजारला जायचा, सोयरिकीला गेला, बँकेत गेला. पाऊस पडल्यापासून बिघडला." एरवी नैराश्य सहसा असं हवामान बघून येत नाही.

उत्तर दस्तीत होतं. तो घरी आला तेव्हा मार्च संपत आला होता. सगळं गाव तोंड बांधून फिरत होतं, त्यात हाही एक. कुणी विचारत नव्हतं, कुणी बघत नव्हतं. त्याला वाटलं, जमलं. घरच्यांनाही तसंच वाटलं. मग मृग लागला, पहिला पाऊस झाला आणि चार दिवसांत सगळ्यांच्या दस्त्या खांद्यावर आल्या. याची मात्र तोंडावरच राहिली. आता लपवण्याचं साधनच त्याला उघडं पाडायला लागलं. लोक बघायला लागले ते आधी दस्तीकडं, मग दस्तीच्या वरून दिसणाऱ्या भुवईच्या रिकाम्या जागेकडं. तो बाजारला जायचा बंद झाला, मग पारावर, मग ओट्यावरही दिवसा येईना.

मानसोपचारात याला सुरक्षा-वर्तन म्हणतात. भीती टाळण्यासाठी माणूस जी युक्ती करतो ती त्या वेळी उपयोगी पडते, पण भीती खरी की खोटी हे तपासायची संधी मात्र ती कधीच देत नाही. आचाऱ्याचे दोन महिने असे तपासल्याविना गेले. व्रणावर दाब राहावा म्हणून त्याला घट्ट कापडी मुखवटाही दिला होता. तो दिवसातले 23 तास घालायचा असतो. आचारी मात्र तो फक्त बाहेर जाताना घालायचा आणि घरी आल्यावर काढून ठेवायचा. व्रण दबावा यासाठी दिलेली वस्तू त्यानं तोंड झाकण्यासाठी वापरली. डॉक्टरांनी दर खेपेला दटावलं, "मुखवटा का घालत नाहीस?" मे महिन्यात, पत्र्याच्या घरात, 23 तास घामाघूम मुखवटा घालून दाखवावा कुणीतरी.

आत काय चाललं होतं

थोरल्याला चहा प्यायला पाठवलं आणि मग हा बोलला. रात्री तीन-चारच्या सुमाराला, म्हणजे भट्टी पेटवायच्या वेळेलाच, दचकून जाग येत होती. बायकोनं घरात गॅस पेटवला की तो उठून अंगणात जायचा. रेग्युलेटरची फुस्स ऐकली तरी तळहाताला घाम. भाजलेल्या जागी खाज इतकी सुटायची की रात्री झोपेत ओरबाडून रक्त निघायचं. (खाजेला सगळे किरकोळ समजतात. भाजलेल्या माणसाची झोप निम्म्यानं खाजच खाते, आणि झोप गेली की बाकी सगळं वाढतं.) आम्ही वापरतो त्या नऊ प्रश्नांच्या नैराश्याच्या मोजपट्टीवर त्याचे गुण 27 पैकी 17 आले. भडका, त्याची स्वप्नं, त्या आवाजाला घाबरणं, टाळणं, हे सगळं सहा महिन्यांनंतरही टिकून होतं. म्हणजे आघातोत्तर ताणविकाराचं निदान स्पष्ट होतं.

त्या मोजपट्टीतला नववा प्रश्न जगण्या-मरण्याच्या विचारांचा असतो. तो मी कधीच घाईत विचारत नाही. तो म्हणाला, "मरायचं म्हणून नाही. पण सकाळी जागच आली नाही तर बरं, असं वाटतं." ठरवलेलं काही नव्हतं, तरी शेतकऱ्याचं घर आहे. त्याच दिवशी थोरल्याला बोलावून, आचाऱ्यासमोरच, फवारणीची औषधं कुठं ठेवता ते विचारलं. ती दुसऱ्याच्या आखाड्यावर, म्हणजे शेतातल्या घरी, कुलपात हलवायला लावली. रात्री-अपरात्री बोलावंसं वाटलं तर टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा क्रमांक दोघांच्याही मोबाइलमध्ये टाकून दिला. मानसोपचारतज्ज्ञांनी सर्ट्रालिन हे नैराश्यावरचं औषध सुरू केलं. खाजेसाठी वेगळं औषध मिळालं, आणि माझ्या मते पहिल्या पंधरा दिवसांत सगळ्यांत जास्त फरक त्यानंच पाडला.

आणखी एक गोष्ट त्याच्या मनात पक्की बसली होती: पुण्याला जाऊन प्लास्टिक सर्जरी केली की तोंड पहिल्यासारखं होतं. त्यासाठी वाटणीतला एक एकर विकायचा विचार चालू होता. थोरला तयार नव्हता, त्यावरून घरात धुसफूस. मी त्याला सर्जनकडं परत पाठवलं, हा प्रश्न कागदावर लिहून. सर्जननी वेळ काढून सांगितलं, ही त्यांची मोठी मदत. व्रण पिकायला वर्ष-दीड वर्ष लागतं, कधी दोन. तोवर तो लाल, उंच, कडक असतो, मग हळूहळू फिका आणि मऊ पडतो. पुसला मात्र कधीच जात नाही, शस्त्रक्रियेनंही नाही. तोंड, डोळा, मान यांची हालचाल अडली तर मध्येच चाकू लावायचा, नाहीतर थांबायचं. आचारी त्या दिवशी परत आला तो चिडलेला. पण जमीन राहिली.

माझी चूक

तिसऱ्या-चौथ्या भेटीतली गोष्ट. तो म्हणाला, "सगळे माझ्याकडंच बघायलेत." मी एक प्रयोग वाचला होता, तो मला फार आवडायचा. 1980 साली अमेरिकेत क्लेक आणि स्ट्रेंटा या मानसशास्त्रज्ञांनी काही लोकांच्या गालावर रंगानं व्रण काढला, त्यांना तो आरशात दाखवला, आणि मग 'सुकू नये म्हणून क्रीम लावतो' असं सांगून गुपचूप पुसून टाकला. व्रण आहे अशा समजुतीत ती माणसं अनोळखी व्यक्तीशी बोलून आली आणि सांगायला लागली, समोरचा अवघडला होता, टक लावून बघत होता. चेहऱ्यावर तर काहीच नव्हतं.

मी हे आचाऱ्याला रंगवून सांगितलं. त्यानं शेवटपर्यंत ऐकलं. मग पहिल्यांदाच स्वतःहून दस्ती सोडली, घडी करून खिशात ठेवली आणि म्हणाला, "चला मॅडम, बाहेर चहा पिऊ."

गेटसमोरच्या टपरीवर गेलो. पोऱ्यानं माझा ग्लास हातात दिला. त्याचा ग्लास फळीच्या टोकाला ठेवला आणि दोन पावलं मागं सरून बघत उभा राहिला. बाकावरचा एक माणूस उठला. दुसऱ्यानं मला विचारलं, त्याला नाही: "काय झालंय ह्यांना? ॲसिड का?" आचाऱ्यानं चहा संपवला, माझेही पैसे दिले. येताना एक शब्द बोलला नाही. बोलायची गरजही नव्हती.

त्या प्रयोगातली माणसं निर्व्रण होती. माझ्यासमोरचा माणूस नव्हता. 1982 साली ब्रिटनमध्ये निकोला रम्झी आणि सहकाऱ्यांनी याची दुसरी बाजू तपासली होती: चेहऱ्यावर डाग असलेल्या माणसाशेजारी अनोळखी लोक रस्त्यात जरा लांब उभे राहतात, आणि डाग नसलेल्या बाजूला उभे राहतात. हे मी नंतर शोधून वाचलं. आधी वाचायला हवं होतं. 'तुझ्या मनाचे खेळ आहेत' हे वाक्य मी कधीच उच्चारलं नसतं, पण गोष्ट सांगून नेमकं तेच म्हणून बसले होते. त्याच्या भीतीत अतिशयोक्ती होतीच, पण तिच्या पोटात खरं होतं, आणि ते खरं मान्य केल्याशिवाय अतिशयोक्तीला हात लावता येणार नव्हता.

पुढच्या भेटीत मी त्याला म्हणाले, "तुमचं बरोबर होतं. लोक बघतात." तो पहिल्यांदा हसला. आणि हसल्याबरोबर त्यानं तोंडावर हात नेला. "हसू नाही मॅडम. दात विचकल्यागत दिसतं." ही गोष्टही तोवर माझ्या ध्यानात आली नव्हती. व्रणानं ओठाचा उजवा कोपरा ओढलेला, त्यामुळं हसू रागासारखं दिसत होतं. समोरचा त्याला फटकळ समजत होता, आणि हा समोरच्याला.

मोजणी

त्यानंतर आम्ही वाद घालायचं सोडलं आणि मोजायला लागलो. आधी घरात दार उघडं ठेवून बसणं, मग दिवसा ओटा, मग तिन्हीसांजेला किराणा दुकान, मग एसटीनं एक थांबा. प्रत्येक पायरीवर दस्ती खिशात. ती घरी ठेवायला मी सांगितलं नाही. शेवटी आठवडी बाजार. मी येते म्हणाले, दहा पावलं मागं राहून. जायच्या आधी दोघांनी आपापला अंदाज कागदावर लिहिला. त्यानं लिहिलं 'सगळे'. मी लिहिलं 'दहा'.

एका तासात एकदा बघून परत वळून बघणारे निघाले 31. थांबून विचारणारे 5. एक पोरगं आईच्या मागं लपलं. बाजार भरलेला, शेकडो माणसं. बाकीच्यांना कांद्याचा भाव महत्त्वाचा होता. दोघांचेही अंदाज चुकले. तो परतीच्या वाटेवर बराच वेळ गप्प होता, मग म्हणाला, "बघणारे परवडले. च्च-च्च करणारे नाही." एका आजीबाईंनी त्याच्या गालाला हात लावून "माय माय, देवानं डोळे तरी ठेवले की रे लेकरा" म्हटलं होतं. मला ते ऐकून भरून आलं होतं. त्याला राग आला होता. मी माझं भरून येणं माझ्यापाशी ठेवलं.

त्या विचारणाऱ्या पाच जणांवर आम्ही दोन भेटी खर्च केल्या. 'कसं झालं?' या प्रश्नाला तो आजवर एक तर गप्प बसायचा नाहीतर पहाटे चारपासून सगळी कथा सांगायचा, आणि सांगून झाल्यावर रात्री तीच स्वप्नात. ब्रिटनमध्ये जेम्स पार्ट्रिज नावाचे गृहस्थ होते. 1970 मध्ये, 18 व्या वर्षी, गाडीला लागलेल्या आगीत त्यांचा चेहरा भाजला. पुढं 1992 मध्ये त्यांनी चेहरा विद्रूप झालेल्यांसाठी 'चेंजिंग फेसेस' ही संस्था काढली. त्या कामातून एक साधी रीत आली: थोडक्यात सांगा, समोरच्याला निर्धास्त करा, विषय बदला. आमच्याकडं ही रीत शिकवावी लागत नाही, फक्त आठवण द्यावी लागते. गावाकडचं कुठलंही बोलणं तिसऱ्या वाक्याला पावसावर किंवा भावावर जातंच. आचाऱ्यानं स्वतःच वाक्य बांधलं: "भट्टीचा भडका उडाला होता, आता बरंय. तुमचं सोयाबीन काय भावानं गेलं?" हा शेवटचा प्रश्न विचारला की समोरचा माणूस पाच मिनिटं स्वतःचंच गाऱ्हाणं सांगतो. आचारी म्हणाला, "लोकायला माझ्या तोंडापेक्षा सोयाबीनचं दुःख जास्त हाय."

हसण्याची अडचण फिजिओथेरपीनं थोडी सुटली. ओठांचे, जबड्याचे व्यायाम, व्रणाचं मालीश. उरलेलं काम आवाजाकडं दिलं. चेहरा सांगू शकत नाही ते आवाजानं आणि हातानं सांगायचं. नमस्कार लांबूनच, मोठ्यानं, नावानं हाक मारून. माणसाची ओळख आवाजातून आधी पटली की मग दिसणारा चेहरा तितका दचकवत नाही.

विचारणाऱ्यांत एक जात वेगळी असते, तिच्यावर ही रीत चालत नाही. गावात कुजबुज होती की तो प्यालेला होता. दुसरी कुजबुज बायकोवर होती. भाजलेली बाई असेल तर संशय सासरावर जातो, आणि तो अनेकदा खराही निघतो. म्हणून तर जळिताच्या प्रत्येक केसची पोलिसांत नोंद होते आणि मीही नवरा-सासू बाहेर गेल्याशिवाय बाईला 'कसं झालं' विचारत नाही. भाजलेला पुरुष असेल तर दारू नाहीतर बायकोचं चारित्र्य. मी यालाही एकट्यात विचारलं होतं. अपघातच होता. पण त्याची बायको पाणवठ्यावर जायची बंद झाली होती, हे मला ऑक्टोबरात कळलं. तिचा केसपेपर आम्ही उशिरा काढला.

मुलगी

हा भाग त्याच्या फाइलमध्ये अर्ध्या पानाचा आहे, आणि त्याच्या लेखी सगळा आजार एवढाच होता. दवाखान्यातून आला त्या दिवशी मुलगी किंचाळून आजीच्या पदरात शिरली. त्यानंतर पाच महिने दिवसाउजेडी ती त्याच्याकडं गेली नाही. तोही तिच्यासमोर दस्ती काढेना, म्हणजे तिला बापाच्या नव्या तोंडाची सवय होणार कशी? घरचे तिला दामटायचे, "अगं बाबा आहे तुझा, जा." ती आणखी लांब.

पण एक गोष्ट बायकोनं सांगितली. गावात लाईट गेली की मुलगी अंधारात आपण होऊन बापाच्या मांडीवर यायची. गोष्ट सांग म्हणायची. लाईट आली की उठून जायची. तिला बाप ओळखू येत होता, तोंड ओळखू येत नव्हतं. यावरच सगळं उभं केलं. आधी अंधारातली गोष्ट रोज, लाईट असली तरी घालवून. मग दिव्याच्या उजेडात. जवळ ये म्हणायचं नाही, हाक मारायची नाही, ती येईल तेवढंच. बायको रोज रात्री दहा मिनिटं त्याच्या व्रणाचं खोबरेल तेलानं मालीश करायची, तेही मुलीसमोर करायला सांगितलं. (त्या मालिशीमुळं नवरा-बायकोत काय बदललं ते दोघांनीही मला लाजत सांगितलं, मी लिहीत नाही.) दसऱ्याच्या आसपास मुलीनं तेलाच्या वाटीत बोट बुडवून त्याच्या हाताला लावलं. दिवाळीत गालाला. "खरबडीत हाय," म्हणाली म्हणे, आणि परत लावलं.

आरसा आईनं स्वतःच कोठीमागून काढला. तो रोज दोन मिनिटं त्यात बघायचा आणि दिसतं तेवढंच बोलायचा: लाल आहे, उंच आहे, भुवई नाही, कानाची कड आखडली. 'भयाण', 'भुतासारखं' हे शब्द त्या दोन मिनिटांत बंद. कंटाळवाणं काम आहे. तिसऱ्या आठवड्यात तो म्हणाला, "रोज तेच तेच काय बघायचं?" मी म्हणाले, हेच तर हवं होतं.

भट्टी

आवाजाची भीती वेगळ्या वाटेनं काढली. मोबाइलवर शेगडी पेटतानाचा आवाज आधी हळू, मग मोठ्यानं. मग घरातल्या गॅसशेजारी उभं राहणं, बायकोनं पेटवायचा. मग स्वतः लायटर हातात धरून. मोठ्या भट्टीपर्यंत आम्ही पोचलो नाही, आणि मला त्याचं फारसं वाईट वाटत नाही. वाकून, काडी ओढून, झाकलेली भट्टी पेटवू नये ही भीती शहाणपणाची आहे. आता त्याच्याबरोबर एक पोरगा असतो, लांब दांड्याचा काकडा आधी पेटवून जवळ धरतो आणि मगच कॉक उघडतो. आचारी तेवढा वेळ मंडपाबाहेर जातो.

कामाचं मात्र चेहऱ्यापाशीच अडलं. नोव्हेंबरात लग्नं सुरू झाली. नव्या ठेकेदारानं घेतलं, पण "मागं थांब, पंगतीत वाढायला येऊ नको, पाहुणे घाबरतेत." दिवसाची मजुरीही शंभर रुपयांनी कमी. रेशन दुकानातल्या मशीनवर भाजलेला अंगठा उमटेना. दिव्यांग प्रमाणपत्राची चौकशी केली तर 2016 च्या कायद्यातल्या 21 प्रकारांत ॲसिड हल्ल्यातल्या पीडितांची वेगळी नोंद आहे, भाजलेल्यांची नाही. हाताची हालचाल किती अडली तेवढीच मोजणार. ॲसिडनं जळलेल्यांना मिळतं ते मिळायलाच हवं. पण टपरीवरच्या माणसाला दोन्ही चेहरे सारखेच दिसतात, कायद्याला दिसत नाहीत. यावर माझ्या खुर्चीतून करण्यासारखं काही नव्हतं. मी त्याला अर्ज लिहून दिला, अंगठ्याच्या जागी दुसरं बोट नोंदवून घेतलं, आणि रोजाच्या शंभर रुपयांबद्दल गप्प बसले.

डिसेंबरच्या शेवटी येळवस, म्हणजे वेळ अमावस्या, आली. आमच्याकडं त्या दिवशी शहरं ओस पडतात, सगळे शेतात. ज्वारीच्या रानात कडब्याची कोप (खोप) करायची, भज्जी, आंबील, बाजरीचे उंडे, आणि बांधावरून जाईल त्याला जेवायला बोलवायचं. आचाऱ्याच्या घरी भज्जी त्यानंच केली, तीन दगडांच्या चुलीवर. मला बोलावणं होतं. गेले तेव्हा वीस-पंचवीस माणसं पंगतीला होती, निम्मी अनोळखी, रस्त्यावरून ओढून आणलेली. हा उघड्या तोंडानं आंबिलीची कासंडी घेऊन वाढत होता. ताटावरून वर बघून एक-दोघे दचकले. त्यानं त्यांना जास्तीचा उंडा वाढला.

तेव्हा नैराश्याच्या त्या मोजपट्टीवर गुण 8 होते. स्वप्नं आठवड्यातून एखादं. गोळ्या चालू. फोटोत तो अजून डावी बाजू पुढं करून उभा राहतो, आणि ठेकेदाराकडं अजून मागंच थांबतो. बायकोच्या भेटी चालू आहेत, तिचं वजन वाढायला लागलंय.

एप्रिलमध्ये तो तपासणीला आला. दारातून आत आला आणि माझ्या पोटात गोळा आला: डोळ्यांखालपासून गळ्यापर्यंत दस्ती, पहिल्या दिवसासारखी गच्च. मी वही उघडली, शब्द जुळवत विचारलं, "परत बांधायला लागलात? कधीपासून?"

तो माझ्याकडं बघत राहिला. "मॅडम, त्रेचाळीस डिग्री हाय बाहेर," म्हणाला. "तुम्ही बी बांधलाय की."

मी आत्ताच स्कूटीवरून आले होते. स्कार्फ अजून तोंडावरच होता.